एरडू कडे! एकवीस वर्षांनी पुन्हा दहावीचं गणित

माझ्या मार्क्स कार्डावर गणितापुढे २२ आहेत. साल २००४. बाकी पाचही विषयांत पास, कन्नडातसुद्धा. घरी कुणी ओरडलं नाही. बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेला बसूया की." पुढची खेप आली तेव्हा मी शिवणक्लासला जायला लागले होते, त्याच्या पुढच्या खेपेला स्थळं बघणं चालू होतं, आणि मग तो विषय घरातून निघूनच गेला. कार्ड मात्र राहिलं. सासरी येताना ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली घातलं होतं, ते तिथंच.

आता लिहायला बसले ते एवढ्यासाठी की गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणींनी विचारलं, "तू परत बसलीस म्हणे, कसं केलंस?" प्रत्येकीचा एखादाच विषय राहिलेला, बहुतेकींचा गणितच. फॉर्मचं सांगते, खर्चाचं सांगते, पण जास्त सांगायचंय ते अपूर्णांकांच्या समीकरणांचं. कारण मी अडकले ती तिथं, आणि तीही आठवीत. नापास दहावीत झाले एवढंच.

मी बेळगावच्या वडगावात राहते, घरीच ब्लाउज शिवते. शहापूर-वडगाव हा साड्यांचा भाग, त्यामुळे काम असतं. जुलै २०२४ मध्ये एका शिवणवर्गातून निरोप आला, शिकवायला बाई हव्यात, तुमचा हात चांगला आहे, येऊन जा. गेले. कागद मागितले. दहावी पासचं कार्ड? म्हटलं, एक विषय राहिलाय. समोरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मग काढून टाका की हो तो विषय. आता वर्षात तीनदा परीक्षा असते." हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे कर्नाटकात २०२४ मध्ये एसएसएलसी, म्हणजे दहावीची, परीक्षा एक, दोन आणि तीन अशी सुरू झाली होती. पहिलीत राहिलं तर त्याच वर्षी आणखी दोनदा बसता यायचं. बाई सहज बोलून गेल्या, पण त्या वाक्यानं मला ट्रंक उघडायला लावली. कार्डाच्या एका कोपऱ्याला कसर लागली होती. अक्षरं शाबूत होती. बावीससुद्धा.

पहिलं काम शाळा गाठणं. रिपीटरचा, म्हणजे परत बसणाऱ्याचा, फॉर्म आपल्या जुन्या शाळेतूनच भरला जातो असं कळलं, आणि माझी शाळा माहेरच्या गावात. सीबीटीवरून, म्हणजे शहरातल्या मोठ्या बसस्थानकावरून, बस. बसला पैसे पडले नाहीत. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, आधार दाखवायचं आणि शून्याचं तिकीट घ्यायचं. हे मुद्दाम सांगते, कारण शाळेच्या मला एकूण सात खेपा झाल्या. प्रत्येक वेळी तिकीट काढावं लागलं असतं तर तिसऱ्या खेपेलाच नाद सोडला असता.

१२ ऑगस्टला गेले तर क्लार्क रजेवर. २० तारखेला भेटले. त्यांनी कार्ड हातात घेतलं, वरखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही आमच्यापेक्षा सीनियर की हो," म्हणाले. फॉर्म अजून सुटले नव्हते. दिवाळीनंतर या, मूळ कार्ड आणा, फोटो आणा, आणि नाव बघून घ्या. कार्डावर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. परीक्षा माहेरच्याच नावानं होणार आणि नवं कार्डही त्याच नावानं येणार, असं त्यांनी सांगितलं. माझ्याकडे लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता, त्याच्या दोन झेरॉक्स पिशवीत कायमच्या ठेवून दिल्या. तुमच्याकडे नसेल तर हे काम आधी करा. ऐन वेळी त्याच्यामागं धावणं जमत नाही.

येताना बसमध्ये पाऊस खिडकीतून आत येत होता आणि मी विचार करत होते, कागद होतील, गणिताचं काय?

आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात गोकाकची सून आहे. बीएस्सी गणित, शिक्षण सगळं कन्नडातून, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. घरी कन्नड, गल्लीत मराठी. तिनं मराठी आमच्या नळावर शिकलं म्हटलं तरी चालेल. ब्लाउज टाकायला आली होती, मी कार्डाचं सांगितलं. म्हणाली, "मी शिकवते की. पैसे नको, चार ब्लाउज शिवून द्या." ठरलं. गुरुवार आणि रविवार, दुपारी जेवणं आवरल्यावर, माझ्या मशीनशेजारी. गणपती झाल्यावर, १९ सप्टेंबरला पहिला दिवस. ती येताना करदंटाची, म्हणजे डिंक-सुकामेव्याच्या मिठाईची, पुडी घेऊन आली. मला वाटलं, शिकवणीला गुरूनं खाऊ आणायची ही उलटीच रीत.

दहावीचं पुस्तक मी आणून ठेवलं होतं. तिनं ते बाजूला सरकवलं आणि एका कागदावर लिहिलं:

क्ष/२ + क्ष/३ = १०

(पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी इथं क्ष लिहिते.) म्हणाली, सोडवा. मी वरचे दोन क्ष मिळवले, खालचे २ आणि ३ मिळवले, आणि लिहिलं २क्ष/५ = १०. क्ष = २५. लिहून झाल्यावर जरा बरंही वाटलं, काहीतरी उत्तर आलं म्हणून.

ती काही बोलली नाही. माझ्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेतली आणि ज्या बाजूला सेंटिमीटर असतात ती वर केली. "अर्धा मीटर दाखवा अक्का." ५० वर बोट ठेवलं. "आता मीटरचा तिसरा भाग." ३३ च्या जरा पुढं. "दोन्ही जोडा." ८३ च्या आसपास. "आणि तुमचे दोन पंचमांश कुठं येतात?" मोजलं. ४०.

अर्ध्या मीटरला आणखी तुकडा जोडला आणि कापड कमी झालं! गिऱ्हाईक असतं तर दारात उभं राहून भांडलं असतं. मी हसायला लागले, पण आतून चर्र झालं. हेच मी आठवीत केलं, नववीत केलं, दहावीच्या पेपरातही केलं असणार, आणि दर वेळी नुसती लाल फुली आली. पट्टी कुणी हातात दिली नाही.

खालचे आकडे वेगळे असले तर तुकड्यांचं माप वेगळं. एका मापाचे केल्याशिवाय मिळवता येत नाहीत. इथपर्यंत मला ऐकून माहीत होतं. तिनं त्याच्या पुढची वाट दाखवली. समीकरण आहे ना, मग छेद सांभाळत बसायचंच कशाला? घालवून टाका. २ नंही भाग जातो आणि ३ नंही भाग जातो असा सगळ्यात लहान आकडा कुठला? ६. मग सगळ्याला ६ नं गुणा. क्ष/२ ला सहानं गुणलं की ३क्ष. क्ष/३ ला सहानं गुणलं की २क्ष. आणि उजवीकडचे १० झाले ६०.

३क्ष + २क्ष = ६०, म्हणजे ५क्ष = ६०, क्ष = १२.

ताळा: बाराचा अर्धा ६, बाराचा तिसरा भाग ४, मिळून १०. आलं.

त्या सहाला मी लसावि म्हणते, ती लसाअ म्हणते, माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते ती एलसीएम म्हणते. तिघींचा सहाच. अपूर्णांकाला कन्नडात भिन्नराशी म्हणतात. पण छेदाला छेदच, अंशाला अंशच, समीकरणाला समीकरणच. पहिल्या दिवशी भाषेचं कसं होणार म्हणून दोघींना धाकधूक होती. अर्ध्या तासात लक्षात आलं की नडणारे शब्द दोघींचे एकच आहेत.

तिचा एक हट्ट होता. आम्हाला शाळेत शिकवलं होतं, आकडा इकडून तिकडे नेला की चिन्ह बदलतं. का बदलतं हे विचारायचं नसायचं, उंबरा ओलांडला की अधिकचा उणे होतो एवढंच. ती "नेलं" म्हणू द्यायची नाही. तराजू समजा, एका पारड्यातून ३ काढले तर दुसऱ्यातूनही ३ काढा. एका बाजूला गुणलं तर दुसरीलाही गुणा. मी विसरले की ओरडायची, "एरडू कडे!" म्हणजे दोन्हीकडे. कन्नडातलं कडे आणि आपलं कडे एकच. माझ्या मशीनच्या फळीवर खडूनं ते लिहून ठेवलं होतं, गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? मी सांगायची, कापड दोन्ही बाजूंनी बघून घ्यायचं म्हणून.

पहिले दोन आठवडे असे बरे गेले. ऑक्टोबरात माझी खरी चूक सापडली, आणि मला वाटतं माझ्यासारख्या बहुतेकींची तीच असणार.

क्ष/४ + ३ = क्ष/२ – १

छेद ४ आणि २, लसावि ४. मी झटक्यात लिहिलं: क्ष + ३ = २क्ष – १, क्ष = ४. तिनं ताळा करायला सांगितलं. डावीकडे १ + ३ = ४. उजवीकडे २ – १ = १. चार बरोबर एक? परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, कारण मला ते चुकतंय हेच दिसत नव्हतं. ज्यांच्याखाली छेद होता त्यांना मी चारनं गुणलं होतं. तो ३ आणि तो १ सुटे उभे होते, त्यांच्याखाली काही नव्हतं, म्हणून त्यांना हातच लावला नाही. छेद नाही तर गुणायचं कशाला, असं डोक्यात कुठंतरी बसलेलं.

पण तराजूत टाकलेल्या प्रत्येक गोष्टीची चौपट करायची तर सुट्या आकड्याचीही करायची. ३ चे १२, १ चे ४.

क्ष + १२ = २क्ष – ४, क्ष = १६. ताळा: ४ + ३ = ७, आणि ८ – १ = ७.

त्या दिवशी तिनं नेम घालून दिला. गुणायच्या आधी प्रत्येक पदाभोवती पेन्सिलनं गोल करायचा. चार पदं, चार गोल. मग एकेका गोलाला गुणायचं आणि वर टिंब द्यायचं. टिंब नसलेला गोल राहिला की समजायचं, कुणीतरी पंगतीत उपाशी राहिलं. पोरकट वाटतं, पण मी परीक्षेतही गोल केले. आणि ताळा. शाळेत ताळा ही हुशार मुलांची शोभा वाटायची. खरं तर ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही त्यालाच त्याची जास्त गरज. एका ताळ्याला अर्धा मिनिट जातो.

मग दिवाळी आली आणि तीन आठवडे अभ्यास बंद. ब्लाउजांचा ढीग, रात्री एकपर्यंत मशीन. त्यात एक गंमत झाली. आम्ही कटिंगला छातीच्या मापाचा चौथा भाग घेतो आणि शिलाई-ढिलाईचं दीड इंच वर धरतो. एका बाईनं जुना कापलेला तुकडा आणून दिला, माप माहीत नाही, याच मापाचं शिवा म्हणाली. तुकडा भरला साडेदहा. मी मनात दीड काढलं, राहिले नऊ, चौपट केली, ३६. हात चालूच होता, आणि एकदम थांबला. हे तर तिचंच गणित:

क्ष/४ + ३/२ = २१/२

कागदावर केलं. लसावि ४. क्ष + ६ = ४२. क्ष = ३६. मनात मी आधी दीड काढलं आणि मग चौपट केली. कागदावर आधी सगळ्याची चौपट केली आणि मग सहा काढले. वाटा दोन, उत्तर एक.

इथं लोक लगेच म्हणतात, बघ, तुला येतच होतं, उगीच घाबरत होतीस. मला ते पटत नाही. वीस वर्षं मी छत्तीस बरोबर काढत होते आणि त्याच वीस वर्षांत क्ष/२ + क्ष/३ मला सुटलं नसतं. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते, औट म्हणजे साडेतीन. कुठल्याही भावानं कितीही पायलीचा हिशोब ते तोंडी करायचे. समीकरण मात्र त्यांनी कधी बघितलं नसेल. हातातलं गणित कागदावर आपोआप उतरत नाही, ते उतरवायला शिकावं लागतं. मला चार महिने लागले. तुम्हाला जास्त लागले तर लागू देत.

दिवाळीनंतर फॉर्म. मूळ कार्ड, झेरॉक्स, फोटो. एका विषयाची फी ४५० रुपयांच्या आत होती, फोटोला ६० गेले. ऑनलाइन भरणं शाळेतच होतं, मी नुसती समोर बसले. फी भरल्याचा कागद मागून घ्या, मी मागितला नव्हता आणि पुढच्या आठवड्यात त्यासाठी वेगळी खेप झाली.

नोव्हेंबर-डिसेंबर उणे चिन्हात गेला. हे दुसरं भूत.

(क्ष + ५)/२ – (क्ष – १)/३ = ४

लसावि ६. ३(क्ष + ५) – २(क्ष – १) = २४. इथपर्यंत मी आता चुकत नव्हते, २४ सुद्धा बरोबर लिहिले. पुढं लिहिलं: ३क्ष + १५ – २क्ष – २ = २४, क्ष = ११. ताळ्यात अकरा बसेनात. १६ चा अर्धा ८, १० चा तिसरा भाग तीन आणि वर काहीतरी. कंसाबाहेरचा उणे आतल्या दोघांनाही लागतो. आत आधीच उणे एक होता, तो उणे दोननं गुणल्यावर अधिक दोन होतो. म्हणजे ३क्ष + १५ – २क्ष + २ = २४, क्ष + १७ = २४, क्ष = ७. बाराचा अर्धा ६, सहाचा तिसरा भाग २, सहातून दोन गेले ४.

चूक होते ती कंस न लिहिल्यामुळं. अपूर्णांकाची आडवी रेघ असते तोवर वरची दोन पदं एकत्र बांधलेली असतात, रेघच कंसाचं काम करते. छेद घालवला की रेघ जाते आणि ती मोकळी सुटतात. म्हणून रेघ पुसताना कंस लगेच घालायचा, तोंडी गुणाकार येत असला तरी. शिवणात दोरा काढायच्या आधी गाठ मारतो तसं.

तिरक्या गुणाकारानंही मला पूर्वी खूप फसवलं होतं. (२क्ष + ३)/५ = (क्ष + ४)/३ असं असलं तर झकास: ३ नं डावीकडचा अंश, ५ नं उजवीकडचा, ६क्ष + ९ = ५क्ष + २०, क्ष = ११. पण दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक असेल तरच. मी शाळेत कुठंही तिरकं गुणत सुटायचे, दिसला छेद की मार तिरका. लसाविची वाट जरा लांबची, पण ती सगळीकडे चालते.

डिसेंबरात एका रविवारी लाइट गेली होती, मशीन बंद, तेव्हा तिनं मधमाश्यांचं गणित घातलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं, ११५० चं. मधमाश्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या, आणि या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजाच्या फुलावर. एक माशी राहिली, ती हवेत भिरभिरतेय. तर एकूण किती? गणिताआधी आमचं भांडण झालं. ती म्हणाली, भास्कराचार्य आमच्या विजापूरकडचे. मी म्हटलं, चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख कुठं ठेवलास मग? तिची सासू आतून म्हणाली, आधी माश्या मोजा. लसावि १५. १५क्ष मधून ३क्ष गेले, ५क्ष गेले. फरक २क्ष, त्याची तिप्पट ६क्ष, तेही गेले. उरला एक क्ष, आणि त्या एकट्या माशीलाही पंधरानं गुणायचं. क्ष = १५. ताळा: ३, ५, ६ आणि १. पंधरा. एकट्या आकड्याला विसरले नाही, हे त्या दिवशी तिनं सासूला कन्नडात सांगितलं. मला समजलं, पण मी न समजल्यासारखं केलं.

जानेवारीत शाळेनं छापील यादीवर सही करायला बोलावलं. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, आणि माध्यमापुढे कन्नड. मी शिकले मराठी माध्यमात, पेपर मराठीतच हवा. क्लार्क म्हणाले, हातून चुकून पडलं असेल, अर्ज द्या. अर्ज लिहिला, एचएम म्हणजे मुख्याध्यापक सरांची सही झाली, आणि दुरुस्ती दिसेपर्यंत पुढचे नऊ दिवस मी जेवले ते न जेवल्यासारखंच. गोकाकची सून म्हणाली, "नाही झालं तर कन्नडातला पेपर मी तुम्हाला शिकवते, हेदरब्याडरी." भिऊ नका म्हणे. झाली दुरुस्ती. पण सही करायच्या आधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचा, मागं रांग असली तरी.

जानेवारी ते मार्च दहावीचं पुस्तक. हा भाग पटकन उरकते, कारण आमची चाल साधी होती: जे येईल ते पक्कं, जे येत नाही त्याच्या वाटेला नाही. समीकरणांची जोडी, श्रेढी, संख्याशास्त्र, संभाव्यता, प्रमेयांतली दोन. वर्गसमीकरणं सुटतात तेवढी. त्रिकोणमितीला मी दुरूनच नमस्कार केला. आठवीचा पाया झाल्यामुळं समीकरणांची जोडी मला चक्क सोपी गेली, आणि हे वाक्य मी आयुष्यात लिहीन असं वाटलं नव्हतं.

हॉल तिकीट शाळेतून, एचएम सरांच्या सहीशिक्क्यासह. पेपर २४ मार्च २०२५, सोमवार. केंद्र शहरातच आलं. रिक्षाला ८० रुपये दिले, त्या दिवशी बसवर भरवसा नको म्हणून. गेटवर पोरींच्या दोन वेण्या आणि त्यांच्यात मी, साडी नेसून. एका पोरीनं मला मॅडम समजून खोली नंबर विचारला. मीही सांगितला, यादीत बघून.

खोलीत कॅमेरा. पहिली पंधरा मिनिटं नुसतं वाचायला. जोडीचा प्रश्न बघितला आणि डोकं रिकामं. दोन समीकरणांतून एक चल उडवायची सोपी रीत असते ती आठवेचना. मग मला येत होतं तेच केलं: एकातून एका अक्षराची किंमत काढली, दुसऱ्यात घातली. असं केलं की छेद आपोआप तयार होतो, पेपरात नसला तरी. आला. वीस वर्षांपूर्वी इथंच पेन खाली ठेवलं असतं. गोल केले, टिंबं दिली, सुट्या आकड्याला गुणलं, रेघ जाताना कंस घातला. ताळा कच्च्या बाजूला. बसला. पुढच्या बाकावरची पोर माझे गोल वळून बघत होती, तिला पर्यवेक्षक बाईंनी दटावलं.

२ मे ला दुपारी निकाल. मोबाइलवर साइट उघडेना, गोल फिरत राहिला. मुलीनं तिच्या मैत्रिणीच्या वडिलांच्या दुकानातून बघून फोन केला. ४३. तिनं आधी विचारलं, "मम्मी, बसलीयस काय?" मी बॉबिन भरत होते, ती भरतच राहिले, दोरा बाहेर सांडेपर्यंत.

नवं कार्ड जूनअखेर शाळेत आलं, माहेरच्या नावानं. शिवणवर्गात ते आणि लग्नाचा दाखला दोन्ही जोडून दिलं, चाललं. जुन्या कार्डाचं काय करायचं विचारलं तर क्लार्क म्हणाले, ठेवा जपून, लागेल कुठंतरी. परत ट्रंकेत गेलं, डांबराची गोळी घालून.

गोकाकच्या सुनेला चारातली तीन ब्लाउजं शिवून दिली. चौथ्याचं कापड घरात पडून आहे. परवा माप घ्यायला गेले तर ती हसली, सातवा महिना चालू आहे, आता घेतलेलं माप कशाला उपयोगी येणार. म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग बघू.